चहातली गोळी

खालाजाननी चहा सोडला तेव्हा कारण आम्हा सर्वांना ठाऊक होते, बोलत मात्र कोणी नव्हते. दिवसाला चार कप चहा लागणारी बाई. कित्येक महिने आम्ही त्यांची गोळी कुटून चहात घालत होतो. एके दिवशी कपाच्या तळाशी पांढरा गाळ त्यांच्या नजरेस पडला.

डॉक्टरांनी आजाराचे नाव बायपोलर सांगितले होते. कधी रात्रंदिवस झोप नाही, अखंड बोलणे, उधारीवर कापडाचे तागे. मग महिनोन्‌महिने अंथरूण. गोळ्यांनी घर शांत होई. पण त्या म्हणत, "घर शांत होतं, पण मी कुठे जाते? मशीनवर शिवायला बसले तर हात चालत नाहीत. ही मी नव्हेच." आम्ही समजावत असू, "खालाजान, हे तुम्ही नाही बोलत, तुमचा आजार बोलतोय." आज वाटते, किती सोयीचे वाक्य! गोळी घेतली की त्या शहाण्या, नाही म्हटले की आजारी. मग त्यांचे स्वतःचे असे मत उरले कुठे?

दुसरी बाजूही खोटी नाही. रात्री दोन वाजता अनवाणी रस्त्यावर निघालेल्या माणसाला "तुमची मर्जी" म्हणून सोडून देता येत नाही. ती रात्र आम्ही पाहिली आहे.

आपल्या फिक्हला हा पेच नवा नाही. शुद्ध हरपलेल्या माणसावरून जबाबदारीची कलम उचललेली असते, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण येणाऱ्या-जाणाऱ्या जुनूनमध्ये मधल्या शुद्धीच्या काळातले व्यवहार फकीहांनी ग्राह्य धरले आहेत, हे आपण विसरतो. एकदा रुग्ण तो कायमचा रुग्ण, हा हिशेब आपलाच.

तो हिशेब कुठवर नेतो? तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळील एका खाजगी आश्रयगृहाला ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे आग लागली. साखळ्यांनी बांधलेले २५ हून अधिक मनोरुग्ण पळू न शकल्याने जळून मेले. अशा ठिकाणी माणसाला नेऊन सोडणारे बहुधा घरचेच असतात, वैरी नव्हेत. साखळी आणि चहातली गोळी यांत फार अंतर आहे, मान्य. तरी दोन्हीकडे त्या माणसाला विचारायचे राहूनच गेलेले असते.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली. याच कायद्यात आम्हाला अधिक मोलाची वाटली ती दुसरी गोष्ट. एखाद्याचा उपचाराबद्दलचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून त्याला निर्णयाची क्षमता नाही असे धरता येत नाही. शिवाय कोणतीही सज्ञान व्यक्ती, पूर्वी आजारी असली तरी, आगाऊ लिहून ठेवू शकते: क्षमता हरपली तर मला कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, आणि माझ्या वतीने कोण बोलेल. क्षमता परत आली की तो कागद बाजूला. तातडीच्या उपचारांना मात्र तो लागू होत नाही.

आम्ही माफी मागितली. खालाजान बरेच दिवस बोलल्या नाहीत. मग स्वतःच डॉक्टरांकडे आल्या, हात चालत नाहीत हे त्यांनी स्वतः सांगितले. डॉक्टरांनी गोळ्यांचे प्रमाण बदलले. पुढे त्यांनी कागद लिहवून घेतला. सलग तीन रात्री झोप आली नाही तर डॉक्टरांना बोलवा. मी नको म्हणेन, तेव्हाचे ऐकू नका. पण जे द्याल ते हातात द्या, तोंडावर सांगून द्या. प्रतिनिधी म्हणून नाव भाचीचे घातले. थोरल्या मुलाला ते लागले, अजूनही लागते.

आम्ही विचारले, आजच्या तुम्ही उद्याच्या तुमच्यावर हुकूम कसा चालवणार? त्या हसल्या. "रोज्याची नियत सेहरीला करते, भूक दुपारी लागते. दुपारच्या मला विचारून रोजा ठेवते का?"

उत्तर पुरते पटले असे नाही. रोजेदार दुपारीही तीच असते. त्या तीन रात्रींनंतरच्या खालाजान त्याच असतात का, हे आम्हाला अजून उमगलेले नाही. कागद कुराणशरीफच्या फळीखालच्या कप्प्यात आहे. चहा त्या आता स्वतःच करतात, आमचाही.