गिरकी घेत निघणारा प्रकाश

मोबाइलच्या ओएलईडी पडद्यावर सहसा वर्तुळ-ध्रुवक, म्हणजे एकाच दिशेने गिरकी घेणारा प्रकाश सोडणारा, पापुद्रा बसवलेला असतो. आत शिरलेलं ऊन धातूच्या थरावरून उलटलं की तो ते अडवतो, म्हणून काळा रंग भर उन्हातही काळाच दिसतो. पण पडद्याचा स्वतःचा जवळपास निम्मा प्रकाशही त्यातच जिरतो, आणि ही नासाडी मला फार खुपते. प्रकाश मुळातच योग्य दिशेने गिरकी घेत निघाला, तर तो सहीसलामत बाहेर पडेल.

त्यासाठी प्रकाश देणारा रेणू डावा किंवा उजवा हवा. अशा एका रेणूत इरिडियम या धातूभोवती तीन सेंद्रिय घटक पंख्याच्या पात्यांसारखे तिरके बसतात. त्यांचा पीळ डावा की उजवा, यावर प्रकाशाची गिरकी ठरते. धातूंच्या संयुगांत असे डावे-उजवे जोडीदार असतात हे आल्फ्रेड वेर्नर यांनी 1911मध्ये कोबाल्टवर दाखवलं होतं.

अडचण प्रमाणाची आहे. गिरकीच्या शुद्धतेचा निर्देशांक जास्तीत जास्त 2 असू शकतो. इरिडियमची संयुगं झगझगीत उजळतात, पण सहसा 0.001च्या आसपासच अडकतात. युरोपियमच्या एका कापूरजन्य संयुगाने मात्र 595 नॅनोमीटरजवळ 1.38 गाठला, कारण तिथलं प्रकाशाचं उत्सर्जन चुंबकीय स्वरूपाचं असतं. नेमकं त्यामुळेच ते मंदही असतं.