मास्तर आणि फुलराणी

गरीब मुलगी आणि श्रीमंत मुलगा यांची प्रेमकथा कुणाला आवडत नाही? भाऊबीज झाली, की आमच्या गोंदिया जिल्ह्यात, विशेषतः अर्जुनी-मोरगावकडे, मंडईच्या निमित्ताने झाडीपट्टीची नाटके रात्ररात्र रंगतात. पाटलाच्या मुलाचे आणि धान कापायला येणाऱ्या मुलीचे जुळले, की मंडप टाळ्यांनी दणाणून जातो!

पण दोघांमधली दरी केवळ पैशाची नसते; ती जिभेवरही असते. बर्नार्ड शॉने हे नेमके हेरले होते. १९१३ साली रंगभूमीवर आलेल्या त्याच्या 'पिग्मॅलियन'मध्ये उच्चारशास्त्राचा प्राध्यापक फुले विकणाऱ्या मुलीला बड्या लोकांची भाषा शिकवतो. पु. ल. देशपांडे यांनी १९७५ साली त्याची 'ती फुलराणी' केली आणि भक्ती बर्वे यांच्या मंजुळेने मराठी प्रेक्षकांना वेड लावले. गंमत अशी, की शॉने त्या प्राध्यापकाचे आणि फुलवालीचे लग्न काही लावून दिले नाही!

हे सारे मी वर्गात मोठ्या रंगात येऊन सांगत होतो. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, तिनं त्याची भाषा शिकली, मंग त्यानं तिची काऊन नाही शिकली?"

वर्ग हसला. मीही हसलो, पण घरी पोचेपर्यंत ते हसू विरून गेले होते.

कारण वाचकहो, मी पुण्याच्या पेठेतला आणि आमची सौ. इथल्या धानाच्या बांधांवर वाढलेली. लग्न प्रेमाचेच. झाडीबोलीत 'ण' नाही आणि 'ळ'ही नाही. तिच्या 'पानी'चे मी 'पाणी' केले, 'डोरे'चे 'डोळे' केले. कौतुकानेच केले, अशी माझी समजूत. या गोष्टीला वीस वर्षे झाली. अजूनही माहेरचा फोन आला, की ती आतल्या खोलीत जाऊन बोलते. का, हा प्रश्न मला त्या दिवसापर्यंत कधी पडलाच नव्हता!

त्या रात्री पेपर तपासत बसलो होतो.

"अहो, डोळे दुखतील. झोपा आता."

"डोरे दुखतातच आहेत," मी म्हणालो.

ती क्षणभर माझ्याकडे बघतच राहिली. मग तोंडाला पदर लावून हसत सुटली.

"तसं नाही म्हणत!" ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. माझी शिकवणी सुरू झाली होती.