घरातला पारा जातो कुठे?

चहाच्या कपात मावेल एवढा पारा वजनाला दोन किलो भरतो. त्यात लोखंडी नट टाकला तर तो बुडत नाही, तरंगतो. धातू असूनही पारा उणे 38 अंशांपर्यंत पातळ राहतो, काचेला चिकटत नाही, तापमान वाढेल तसा एकसारखा फुगतो आणि वीजही वाहून नेतो. एवढा गुणी पदार्थ माणसाने घराबाहेर ठेवला असता तरच नवल!

थर्मामीटरमध्ये तो साधारण एक ग्रॅम असतो, डॉक्टरांच्या जुन्या रक्तदाबयंत्रात शंभर ग्रॅमच्या आसपास. पण सगळ्यात भारी करामत ट्यूबलाइटमधली. तिच्यात पारा असतो जेमतेम काही मिलिग्रॅम. वीज सुरू झाली की त्याच्या वाफेतून प्रकाश निघतो, पण तो अतिनील, आपल्याला न दिसणारा. नळीला आतून फासलेली पांढरी पावडर तो शोषून घेते आणि दिसणारा उजेड बाहेर टाकते. आपल्या कित्येक पिढ्यांचा अभ्यास या उसन्या उजेडात झाला.

पारा आणखी एका ठिकाणी सापडतो आणि तिथे तो मुळीच असायला नको: गोरं करणाऱ्या क्रीममध्ये. त्वचेचा सावळा रंग मेलॅनिनचा. ते तयार व्हायला जे विकर लागतं, त्याचं काम पारा अडवतो. काही आठवड्यांत रंग उजळतो. गुण खरोखर येतो, हीच तर पंचाईत. तोवर पारा त्वचेतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात पोहोचलेला असतो. तिथे शरीराचीच प्रतिकारशक्ती बिथरून रक्त गाळणाऱ्या पडद्यावर हल्ला करते. प्रथिनं लघवीवाटे गळू लागतात, लघवीला फेस येतो, पाय सुजतात.

अकोल्यात हेच घडलं. जैवतंत्रज्ञान शिकणारी एक तरुणी, तिची आई आणि बहीण, तिघींच्याही मूत्रपिंडांचं दुखणं निघालं. तिघी एकच क्रीम लावत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात छडा लागला तो त्या क्रीममधल्या पाऱ्याचा. 2023 मध्ये ही बातमी गाजली. पुढे नवी मुंबईतही, खारघरच्या एका रुग्णालयात, ‘हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या क्रीममुळे मूत्रपिंडाला इजा झालेले रुग्ण आढळले. दिलासा एवढाच की वेळेत निदान होऊन क्रीम थांबलं, तर अनेक रुग्ण काही महिन्यांत सावरतात.

कचऱ्यात टाकलेल्या पाऱ्याचं मात्र निदानही नाही आणि उपचारही नाही. कीटकनाशकाचे रेणू कधी ना कधी तुटतात. पारा मूलद्रव्य आहे, त्याच्यात तुटण्यासारखं काही नाहीच. तो फक्त रूप बदलतो आणि पत्ता बदलतो. त्याची वाफ हवेत महिनोन्‌महिने टिकते आणि वाऱ्याबरोबर पृथ्वीप्रदक्षिणा करते. पाण्यात गेला तर गाळात बसतो. तिथल्या प्राणवायू नसलेल्या चिखलात राहणारे जिवाणू त्याचा मिथिल पारा करतात, आणि हा अवतार सर्वांत घातक. प्लवकातून छोट्या माशात, छोट्यातून मोठ्या माशात तो साठतच जातो. म्हणून मोठ्या, शिकारी मुशीच्या मांसात मांदेलीपेक्षा कितीतरी जास्त पारा असतो. जपानमधल्या मिनामाता गावी 1956 मध्ये उघडकीस आलेली पाराबाधेची शोकांतिका माशांच्या याच वाटेने घडली. कारखान्याचं सांडपाणी, खाडीतले मासे आणि मग मासे खाणारी माणसं व मांजरं.

नवी मुंबईकरांना यात दूरचं काही वाटू नये. पाऱ्याचे विद्युतघट वापरून कॉस्टिक सोडा बनवणारे कारखाने एके काळी ठाणे खाडीच्या काठीही होते. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या झिंगडे आणि देसाई या शास्त्रज्ञांनी खाडीतल्या पाऱ्यावर 1981 मध्ये शोधनिबंध लिहिला, तेव्हा फ्लेमिंगो बघायला इथे कुणी येत नव्हतं. देशातल्या अशा कारखान्यांनी पारा सोडून पटलाचं (मेम्ब्रेन) तंत्र घ्यावं, असं 2003 मध्ये ठरलं आणि त्यांनी ते घेतलंही.

आता पाळी घरांची. मिनामाताच्याच नावाचा, पाऱ्याला आळा घालणारा आंतरराष्ट्रीय करार 2017 मध्ये लागू झाला. भारताने 2018 मध्ये त्याला मान्यता दिली. पाऱ्याचे थर्मामीटर, सीएफएल, सौंदर्यप्रसाधनं यांचं उत्पादन थांबवण्याच्या मुदती उलटल्या आहेत; लांब ट्यूबलाइटची मुदत 2027 पर्यंत आहे. एलईडी आणि डिजिटल थर्मामीटर सहज मिळू लागल्यावर पाऱ्याचा हट्ट कशाला, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न उरतो माळ्यावर पडलेल्या जुन्या मालाचा. नियमाप्रमाणे ट्यूब आणि सीएफएल हा ई-कचरा आहे. न फोडता, खोक्यात घालून, तो अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रावरच द्या. थर्मामीटर फुटलाच तर मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, पंखा-एसी बंद करा. केरसुणी किंवा व्हॅक्यूम क्लीनर नको, त्याने पारा आणखी पसरतो. अंगठी काढून ठेवा, कारण पारा सोन्याला चिकटतो. मग जाड कागदाने गोळ्या एकत्र करून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा. बेसिनमध्ये मुळीच ओतू नका. आणि उत्पादकाचं नाव, पत्ता, घटक न छापलेलं क्रीम घरात असेल तर ते आजपासून बंद करा, लघवीतल्या प्रथिनांची साधी तपासणी करून घ्या आणि डॉक्टरांकडे जाताना ती डबी सोबत न्या.