गडवाटेचे पादत्राण

वेल्ह्यास तोरण्याच्या पायथ्याशी सायंकाळी घटकाभर बसावे आणि उतरून येणाऱ्या मंडळींचे पाय पाहावेत. कोणी बूट हातात घेऊन अनवाणी येतो, कोणी टाच उचलून लंगडतो, तर कोणी बाकावर बसताच आधी नाड्या सोडतो आणि मग चहा मागतो. बूट विकत घेताना कोणाचे कोठे चुकले, हे अशा वेळी न विचारता कळते. आमचे कोठे चुकले तेही तेथेच कळले.

तीन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात घरातील मुलांस घेऊन आम्ही तोरण्यास गेलो होतो. धाकट्या बंधूंच्या नातीस बूट नव्हते. कपाटात तिच्या मोठ्या चुलत बहिणीचे, जेमतेम दोनदा घातलेले होते. एकत्र कुटुंबात स्वेटर, पुस्तके, सायकल जशी वरून खाली येते, तसेच बूटही यावेत, असा आमचा हिशेब. एक नंबर मोठे होते. पुढे कापूस कोंबला आणि दोन हजार रुपये वाचले म्हणून आम्ही स्वतःवर खूषही झालो. चढताना काही जाणवले नाही. मेंगाई देवीच्या देवळात ती इतरांबरोबर हसत बसली होती. उतरणीस लागल्यावर मात्र मागे राहू लागली. विचारावे तर “काही नाही, आजोबा” एवढेच उत्तर. खाली येऊन मोजे काढले, तो दोन्ही अंगठ्यांची नखे काळीनिळी झालेली! पुढे ती गळून पडली आणि नवी पुरती येण्यास वर्षाहून अधिक काळ लागला. मुलीने आम्हांस एका शब्दानेही दोष दिला नाही, याचेच अधिक वाईट वाटले.

घट्ट बूट चावतो हे सर्वांस ठाऊक असते. सैल बूटही तितकाच वैरी होतो, हे पुष्कळांस ठाऊक नसते. उतरणीवर शरीराचा भार पुढे येतो, सैल बुटात पाय घसरतो आणि प्रत्येक पावलागणिक नखे पुढच्या भिंतीवर आपटतात. कापूस तासाभरात दबून जातो. म्हणून बुटाची खरी परीक्षा उतारावर होते, आणि दुकानात नेमका उतारच नसतो.

त्याच दिवशी थोरल्या पुतण्याच्या बुटाचा तळ घसाऱ्यावर सुटून आला. बूट दिसण्यात नवे, परंतु सहा वर्षे पेटीत पडून होते. पुष्कळ बुटांच्या तळात पॉलियुरेथेनचा मऊ थर असतो. दमट हवेत तो न वापरताही जुना होत जातो आणि एके दिवशी भुगा होऊन पडतो. ठेवणीतल्या लुगड्याप्रमाणे बूट जपून ठेवण्यात अर्थ नाही.

आता नंबराविषयी. आपल्याकडे चालतो तो बहुधा इंग्रजी नंबर. त्यातील दोन नंबरांमधील अंतर एक तृतीयांश इंच, म्हणजे सातूच्या एका दाण्याची लांबी, असा तिकडील जुना हिशेब. आमच्या शास्त्रकारांनीही आठ यवांचे एक अंगुल मानले आहे. फरक इतकाच की त्यांनी दाण्याची रुंदी घेतली. तेव्हा यवाने पाय मोजण्यास आमची हरकत नाही. हरकत आहे ती सर्व कारखान्यांचा यव सारखाच असतो असे मानण्यास. एका कारखान्याचा आठ नंबर दुसऱ्याच्या साडेसातासारखा बसतो. नंबर सांगून घरी बूट मागवू नयेत. ज्याचा पाय, त्याने जावे.

जावे तेही सायंकाळी, कारण दिवसभर चालून पाय किंचित फुगतो. गडावर घालावयाचे जाड मोजे बरोबर न्यावेत. दोन्ही पावले क्वचितच सारखी असतात. मोठ्या पावलाचे माप प्रमाण धरावे. नाड्या न बांधता पाय पुढे सरकवून टाचेमागे तर्जनी घालावी. ती सहज मावली म्हणजे लांबी ठीक. मग नाड्या आवळून जिना असल्यास दोनतीन वेळा उतरावा. टाच उचलली जाता कामा नये, बोटे पुढे टेकता कामा नयेत आणि करंगळीवर दाब नसावा. “वापरून सैल होईल” असे दुकानदार म्हणतो. चामड्याच्या बाबतीत रुंदीपुरते ते थोडे खरे आहे. लांबी मात्र कशानेही वाढत नाही.

तळाची कथा मोठी आहे. विताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाचे सहा सोबती १९३५ साली आल्प्समध्ये मृत्युमुखी पडले. त्यांचे बूट त्या हवेस पुरे पडणारे नव्हते. त्या दुःखातून त्याने खोल खाचांचा रबरी तळ तयार केला आणि १९३७ साली त्याचे पेटंट घेतले. आज कोणत्याही डोंगरी बुटाखाली दिसतात त्या खाचा त्याच वंशातील. मुरमाड घसाऱ्यावर आणि चिखलात त्या उपयोगी पडतात. श्रावणातील शेवाळलेल्या कातळावर मात्र खाचांपेक्षा रबराचा मऊपणा महत्त्वाचा; नखाने दाबून किंचित दबणारे रबर बरे.

खर्चाविषयी घरोघरी वाद होतो. रोहिडा, रायरेश्वर, राजगड अशा एका दिवसाच्या वाटांस बर्फाळ देशांतील जड, जलरोधक आणि महाग बूट लागत नाहीत. येथल्या पावसात पाणी वरूनच बुटात शिरते आणि जलरोधक बुटात ते साचून राहते. त्यापेक्षा जाळीदार कापडाचा, लवकर वाळणारा बूट पुरतो. तळ नवा असतानाच मोच्याकडून कडेने शिवून घ्यावा. अल्प खर्चात बुटाचे आयुष्य वाढते.

गडाखालचे गावकरी साध्या रबरी चपलांवर आमच्या पुढे निघून जातात, हे खरे. पण त्यांचा पाय डोंगराने घडविला आहे, आमचा फळ्यापुढे उभे राहून. चरकाचार्यांनी सूत्रस्थानात पादत्राण बलवर्धक आणि डोळ्यांस हितकर म्हटले आहे. आमच्या आजीस चामडे ओसरीवर देखील चालत नसे, तिला हे कोणी सांगितले नसावे.

गेल्या कार्तिकात त्या मुलीस घेऊन आम्ही पुण्यास दुकानी गेलो. तिने चार जोड नाकारले, पाचवा घालून जिना सहा वेळा उतरली, आणि विक्रेता कंटाळला तरी आम्ही घाई केली नाही. आठवडाभर तिने ते घरातच घातले. मग रोहिडा केला, आणि पौषात गुंजवण्याहून राजगड. उतरताना कठड्याच्या टप्प्यापूर्वी ती थांबली, घोट्यापाशी नाड्या पुन्हा आवळल्या आणि आमच्या पायांकडे पाहून म्हणाली, “आजोबा, तुमच्याही आवळा.”