गाडीचं पोट किती मोठं?

दोस्तांनो, १९८४ सालची गोष्ट. पॅरिस-डाकार नावाच्या मोटारसायकल शर्यतीत एक बुटका स्वार होता. उंची साडेपाच फुटांहूनही कमी, आणि गाडी मात्र ही एवढी थोरली! सीटवर बसलं की पाय जमिनीला टेकायचेच नाहीत. मग गडी निघायचा कसा? तो गाडीच्या बाजूला उभा राहायचा. इंजिनाचं सिलिंडर बाजूला कोपरासारखं बाहेर आलेलं असे, त्यावर एक पाय ठेवायचा. गाडी पुढे निघाली रे निघाली, की दुसरी टांग सीटवरून पलीकडे! थेट घोड्यावर मांड ठोकावी तसं.

या पठ्ठ्याचं नाव गास्तों राहिए. देश बेल्जियम. पाय टेकत नसतानाही १९८४ आणि १९८५ अशी लागोपाठ दोन वर्षं त्यानं ती शर्यत जिंकली!

पण त्याची गाडी एवढी थोरली का होती? एक मोठं कारण म्हणजे तिची पेट्रोलची टाकी.

ही शर्यत सुरू केली थिएरी साबीन या फ्रेंच माणसानं. १९७७ साली लिबियाच्या वाळवंटात तो स्वतः मोटारसायकलवर वाट चुकला होता आणि मरता मरता वाचला होता. दुसरा कोणी असता तर त्यानं वाळवंटाला कानाला खडा लावला असता. यानं तिथेच शर्यत भरवली! २६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसहून पहिली शर्यत निघाली. समुद्र ओलांडून, सहारा तुडवत थेट सेनेगल देशातल्या डाकारपर्यंत. वाळवंटात कोपऱ्याकोपऱ्यावर पंप कुठून असणार? मधेच पेट्रोल संपलं तर शर्यत तर गेलीच, वर उन्हात जिवावर बेतायचं. म्हणून टाक्या मोठ्या.

राहिएची गाडी बीएमडब्ल्यू कंपनीची होती. या कंपनीनं १९८४ साली आपल्या आर ८० जी/एस गाडीचं ‘पॅरिस-डाकार’ नावाचं मॉडेल विकायला काढलं. साध्या मॉडेलची टाकी साडेएकोणीस लिटरची, तर याची चक्क ३२ लिटरची!

आपल्याकडे कशाला?

तुम्ही म्हणाल, “आमच्या गावात तर दर पाच किलोमीटरवर पंप आहे. आम्हाला काय करायचीय एवढी टाकी?” बरोबर आहे. पण आता चला हिमालयात.

मनालीहून लेहला जाताना तांडी नावाचं गाव लागतं. इथे चंद्रा आणि भागा या दोन नद्या मिळतात आणि होते चंद्रभागा. आपली पंढरपूरची नव्हे बरं का! हीच पुढे चिनाब होते. या तांडीच्या पंपावर कित्येक वर्षं एक फलक होता : पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर! पुण्या-मुंबईहून लडाखला निघालेल्या मोटारसायकलस्वारांनी त्याच्याजवळ उभं राहून हौसेनं फोटो काढले आणि मग मुकाट्यानं टाकी काठोकाठ भरून घेतली.

आता वही-पेन्सिल घ्या. समजा, आपल्या गाडीची टाकी १२ लिटरची आहे आणि गाडी लिटरला ३० किलोमीटर जाते. १२ गुणिले ३० म्हणजे ३६०. अरेच्चा, पाचच किलोमीटर कमी पडले! “पाच किलोमीटर ढकलू की!” असं म्हणालात ना?

थांबा. लिटरला ३० हा आकडा सपाट रस्त्यावरचा. इथे तर बारालाचा, तांगलांग अशा सोळा-सतरा हजार फुटांवरच्या खिंडी. चढावर सतत खालचा गिअर, मागे सामानाची बोचकी. समजा, गाडी लिटरला २५ किलोमीटरच गेली. मग १२ लिटरमध्ये होतात ३०० किलोमीटर. म्हणजे ६५ किलोमीटर कमी! आणि तिथली हवा इतकी विरळ, की नुसतं चालतानाही धाप लागते. ढकलता का गाडी?

मग पेट्रोल हवं तरी किती? ३६५ भागिले २५, म्हणजे १४.६ लिटर. वाट चुकली, रस्ता बंद म्हणून मागे फिरावं लागलं, तर त्यासाठी आणखी तीनेक लिटर. झाले साधारण साडेसतरा-अठरा लिटर.

“मग सरळ ३० लिटरचीच टाकी बसवू! कटकटच नको.”

इथेच तर खरी गंमत आहे.

ओझं कोण वाहणार?

एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, एका लिटरला पाऊण किलोच्या आसपास. म्हणजे त्या ३२ लिटरच्या टाकीत जवळजवळ २४ किलोचं पेट्रोल झालं. तिसरीतला एखादा मुलगा उचलून टाकीवर बसवल्यासारखंच की! शिवाय हे ओझं खाली चाकांपाशी नसतं, वर गुडघ्यांपाशी असतं. उसानं उंच भरलेली गाडी वळणावर कशी कलते, पाहिलंय ना? तसंच हे. आणि पेट्रोल संपत जातं तसतसा तो मुलगा हळूहळू खाली उतरत जातो. सकाळची जड गाडी संध्याकाळी हलकी होते आणि वेगळीच वागते. स्वाराला ते ओळखून चालवावं लागतं.

दुसरी गोष्ट, पेट्रोल गप्प बसत नाही. अर्ध्या भरलेल्या टाकीत ब्रेक दाबला की ते धाडकन पुढे येतं. घरी करून पाहा : पाण्यानं अर्धी भरलेली बाटली ताटात आडवी ठेवा, ताट ओढा आणि एकदम थांबवा. पाणी कसं उसळतं ते दिसेल. म्हणूनच पाण्याच्या टँकरमध्ये आत आडवे पडदे असतात. मोठ्या टाकीलाही असे पडदे हवेत.

तिसरी गोष्ट, टाकीची बैठक. मोटारसायकलची टाकी चासीच्या नळीवर घोड्याच्या खोगिरासारखी बसते. जुन्या गाड्यांत पेट्रोल वरून खाली आपोआप उतरायचं. टाकी दोन्ही बाजूंना फार खाली लोंबली, की तिथलं पेट्रोल कॉकपर्यंत चढणार कसं? टाकीत पेट्रोल आहे आणि गाडी मात्र बंद! बाबांना किंवा आजोबांना विचारा, पेट्रोल संपत आलं की स्कूटर आडवी करून पुन्हा किक का मारायचे? कोपऱ्यात राहिलेलं पेट्रोल कॉककडे यावं म्हणून!

शिवाय हँडल पूर्ण वळवल्यावर टाकीला अडकता कामा नये. झाकणातून हवा आत जायला वाट हवी, नाहीतर पेट्रोल उतरायचं थांबतं. आणि टाकी काठोकाठ भरून उन्हात उभी करायची नाही, कारण उन्हानं पेट्रोल फुगतं.

रिकामी टाकी जास्त धोक्याची!

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे आई-बाबांनीही वाचावं. टाकी मोठी करायची म्हणजे जुनी टाकी कापून वेल्डिंग करायचं, असं काही जणांना वाटतं. “रिकामीच तर आहे, काय होतंय?” पण पेट्रोल काढून घेतलं तरी त्याची वाफ आत राहते. भरलेल्या टाकीत हवेला जागा थोडी असते. रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा मिसळतात, आणि एका ठिणगीनं स्फोट होऊ शकतो. माणूस जिवाला मुकतो. हे काम जाणत्या कारागिराचंच, हौसेचं मुळीच नाही. गाडीच्या मूळ रचनेत मनानं बदल करण्यावर कायद्याचीही बंधनं आहेत. तेव्हा आधी आरटीओत विचारायचं, मग पाना हातात घ्यायचा. आणि जादा पेट्रोल न्यायचंच असेल, तर पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीतून कध्धीच नाही!

तर मंडळी, टाकी किती मोठी? हौसेइतकी नाही, हिशेबाइतकी! राहिएपुढे सहारा होता, म्हणून त्यानं ते धूड सांभाळलं. तांडीहून निघणाऱ्याला अठरा लिटर पुरतात. आणि शाळा-बाजार करणाऱ्या आपल्या गाडीला? तिला आहे तेच पोट छान!

आता एक काम तुमच्यासाठी. घरच्या गाडीची टाकी किती लिटरची, आणि ती लिटरला किती किलोमीटर जाते, ते विचारून घ्या. मग नकाशा उघडा आणि एका टाकीत कुठपर्यंत पोचाल ते शोधा. पण थोडं पेट्रोल शिल्लक ठेवून बरं का!