फॅक्सच मागितला तर?

अमेरिकेत शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याला फॅक्सची गरज बहुधा दवाखान्यामुळे पडते. लसीकरणाची नोंद, जुने रिपोर्ट, विम्याचे कागद. तिथले अनेक डॉक्टर हे कागद साध्या ईमेलवर घेत नाहीत. १९९६च्या ‘हिपा’ कायद्यामुळे रुग्णाची माहिती जपण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली आणि फॅक्सची सवय तशीच टिकली.

आधी ग्रंथालयात विचारा, विद्यापीठाच्याही आणि गावातल्या सार्वजनिकही. अनेक ठिकाणी ही सोय मोफत किंवा थोड्या पैशांत मिळते. नाहीतर फेडेक्स ऑफिस, यूपीएस स्टोअर किंवा स्टेपल्सचं दुकान, तिथे पानामागे पैसे पडतात. पीडीएफ चढवून फॅक्स पाठवणाऱ्या वेबसाइटही आहेत, पण पासपोर्टची किंवा आजाराची कागदपत्रं अनोळखी फुकट साइटवर टाकू नयेत, असं मी आवर्जून सांगेन.

खरी काळजी घ्यायची ती पानाची. नेहमीच्या सेटिंगवर फॅक्स उभ्या इंचात सुमारे ९८ ओळीच टिपतो, ‘फाइन’वर १९६; बारीक अक्षर असेल तर ‘फाइन’च निवडा. पेन्सिल आणि फिकट निळी शाई नीट उमटत नाही, हायलायटरने रंगवलेली ओळ काळी पडू शकते. काळ्या शाईनेच भरा. वरच्या पानावर कोणाला, कोणाकडून, एकूण पानं आणि स्वतःचा फोन नंबर लिहा. पोचपावती जपून ठेवा. मात्र ती फक्त समोरच्या मशीनपर्यंत पोचल्याची असते, म्हणून फोन करून योग्य माणसाच्या हाती कागद गेल्याची खात्री करा.