लूव्हिन बंधू

अलाबामातील सँड माउंटनच्या परिसरात शेतकरी कुटुंबात वाढलेल्या आयरा आणि चार्ली या बंधूंनी १९५५ साली नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कंट्री-संगीताच्या रेडिओ-कार्यक्रमात प्रवेश मिळविला, तो चर्चमधील समूहगायनाच्या संस्कारातून सिद्ध झालेल्या अशा युगुलगायनाच्या बळावर, की ज्यात गीत ऐन भरात असता मुख्य व वरचा स्वर दोघे बेमालूमपणे बदलून घेत आणि कोण कोठे गातो याचा पत्ता जाणकारासही लागत नसे. ‘सेटन इज रिअल’ या १९५९ च्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनासाठी आयराने प्लायवुडचा प्रचंड सैतान उभारून भोवती टायर पेटविले. अभिरुचीचा मुद्दा तूर्त तहकूब! मद्यासक्त, शीघ्रकोपी आयरा मंचावरच मँडोलिन फोडी. १९६३ मध्ये भागीदारी संपली, १९६५ मध्ये मोटार-अपघाताने तो गेला. नवागतांनी ‘व्हेन आय स्टॉप ड्रीमिंग’ या गीतापासून आरंभ करावा.